पंधरा मिनिटांपूर्वीचा आकडा

"आज मशीनचं नाव काढलंस ना आई, तर हा माझा शेवटचा डाव," असं सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता भिंगरी म्हणाली होती. आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर आईनेही चढवला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण पोरगी शांतपणे बोलली, आणि तेच आईच्या पोटात जाऊन बसलं.

दोष आपलाच आहे हे आईला कबूल होतं, फक्त मनातल्या मनात. बुद्धिबळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. घोडा अडीच घरं जातो, एवढ्यावर गाडी अडलेली. पण गेल्या वर्षी कुणीतरी तिच्या फोनवर ते मशीन घालून दिलं, चालू डावात कोण वरचढ आहे ते आकड्यात सांगणारं, आणि बाईंना एकदम कंठ फुटला. पोरगी हरून बाहेर आली रे आली की ही सुरू. "बाविसाव्या चालीला तू अडीचने पुढे होतीस! हत्ती का नाही सरकवलास?" घरी पोचेपर्यंत हेच दळण. भिंगरी आधी समजावून सांगायची, मग चिडायला लागली, आणि हल्ली तर गप्पच बसायची. काल हरल्यावर ती पट न उघडताच झोपली. दहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

म्हणून आज फोन पर्समध्ये आणि पर्सची चेन बंद. हॉलचं दार लागलं, पालक मंडळी बाकांवर टेकली, आणि आई भिंतीवरच्या सूचना वाचायला लागली. सगळ्या वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग पाणी प्यायली, खिडकी उघडली, लावली. चाळीस मिनिटं काढली बिचारीने, नंतर चेन उघडलीच.

आकडा होता शून्य पूर्णांक तीन. मग शून्य. मग उणे एक, म्हणजे भिंगरी मागे. एवढ्यात आपोआप उणे एकचं अधिक अर्धं झालं, आणि कुणी चाल तर केलीच नव्हती!

"अहो आजोबा, हे बघा ना! कुणी हललं नाही तरी आकडा कसा हलतो?"

शेजारच्या बाकावरचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांची नात आत खेळत होती. काल त्यांना चक्कर आली तेव्हा आईनेच त्यांना आडवं करून पाय वर धरले होते, तेव्हापासून ते तिला सिस्टर म्हणत. होतीच ती सिस्टर, अतिदक्षता विभागात, बावीस वर्षं. नव्या मुलींवर रोज ओरडायची, "मॉनिटरकडे काय बघत बसता? पेशंटकडे बघा! वायर निघाली तरी तो बोंबलतो!"

"मशीन आणखी खोल बघतंय, सिस्टर," आजोबा म्हणाले. "मी ही चाल केली तर तो काय करेल, मग मी काय करेन, असे लाखो फाटे ते तपासतं. आधी दहा चालींपर्यंत बघून एक मत दिलं, आता पंधरापर्यंत पोचलं, तर मत बदललं."

"म्हणजे आधीचं चूक होतं?"

"अर्धवट होतं. आपलं नसतं का होत?"

आई उठली, दारापर्यंत गेली, परत आली. बसली आणि बघते तर अधिक चार!

"चार! आजोबा, चार म्हणजे किती हो?"

"चार प्याद्यांइतकी पुढे."

आईने फोन नाकाशी धरून पटावरची प्यादी मोजली. पांढरी पाच, काळी पाच. घोडे, हत्ती, सगळं सारखं. "मग ही चार आहेत कुठे?"

"बाजारात तुरी!" आजोबा हसले. "अजून खेळल्याच नाहीत त्या चालींमध्ये आहेत ती. हे बघा, मशीन म्हणतंय हत्ती फुकट देऊन टाक. त्याला पुढचं दिसतंय, म्हणून ते बिनधास्त देतं. तुमची पोर देईल?"

आईने पडद्यावरच्या हत्तीवर बोट टेकवून बघितलं.

"तुम्ही पेशंटला सांगता ना, पथ्य पाळलंत, गोळ्या चुकवल्या नाहीत तर नव्वद वर्षं जगाल? तसा हा चार. इथून पुढे दोघंही मशीनसारखंच खेळले तर. हा आकडा पोरीचा नव्हे, मशीनचा."

आईला हे कळलं, आणि कळलं म्हणून आणखीच अस्वस्थ वाटायला लागलं. वर्षभर आपण पोरीला काय विचारत होतो? नव्वद वर्षं का नाही जगलीस, असंच ना? पण नजर फोनवरून हटेना. चार पूर्णांक एक. चार पूर्णांक दोन. "दे गं बाई हत्ती," ती पुटपुटली. "दे ना!"

"आता देऊन काय उपयोग?" आजोबा म्हणाले. "हे सगळं पंधरा मिनिटं जुनं असतं. आत कुणी इशारे करू नयेत म्हणून उशिरा दाखवतात. माहीत नव्हतं तुम्हाला?"

आईने हॉलच्या बंद दाराकडे बघितलं. म्हणजे ती जीव मुठीत धरून ज्याची वाट बघत होती, ते आत कधीच होऊन गेलं होतं. हत्ती दिला होता किंवा नव्हता दिला.

तेवढ्यात दार उघडलं आणि भिंगरी बाहेर आली. ओठ घट्ट मिटलेले, कान लाल. विचारायची गरजच नव्हती.

फोनवर अजून चार पूर्णांक दोन होतं. हत्ती अजून जागेवर होता.

आईच्या जिभेवर सगळं आलं. चार होते गं! हत्ती! भिंगरी समोर उभी राहून तिच्या तोंडाकडे बघत होती, वाटच बघत होती. आईने फोन तसाच पर्समध्ये कोंबला आणि हात रिकामा झाला म्हणून लेकीचं मनगट धरलं. बोटं आपसूक जागेवर गेली. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं. तिने मोजलं.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली.

भिंगरीने हात ओढला. "आई, मी सांगितलं होतं ना!"

"नाडी गं, नाडी! केवढी धडधडतीये! बस आधी. पाणी पी."

भिंगरी बसली. बाटली अर्धी संपवली आणि मग तिचा बांध फुटला. आईने तिला रडू दिलं. आजोबा उठून खिडकीकडे गेले.

"हत्ती द्यायचा होता," डोळे पुसत भिंगरी म्हणाली. "दिसला होता मला. पण पुढचं दिसेना. घाबरले मी."

मला माहीत आहे, असं आईच्या अगदी ओठांवर आलं. तिने ते गिळलं.

"मग?" तिने विचारलं.

भिंगरीने तिच्याकडे निरखून बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग बाकावर बोटाने चौकटी काढून सांगायला लागली. इथे राजा, इथे त्याचा वजीर, इकडून शह दिला असता तर. आईला त्यातलं निम्मंही कळलं नाही. "मग?" ती विचारत राहिली. "आणि तो इकडे पळाला असता तर?"

भिंगरी थांबली. "इकडे?" तिने बोट उचललं, पुन्हा टेकवलं. "इकडे पळाला असता तर मात होती! थांब, थांब." ती बाकावर वाकली, नाक ओढलं आणि चौकटी पुसून पुन्हा काढल्या, जणू खरंच काही पुसलं जात होतं.

"तीनला पुढची फेरी आहे," वर न बघताच ती म्हणाली. "थांबशील ना?"

"थांबते की."

तिचं मनगट कधीतरी पुन्हा आईच्या हातात आलं होतं. नाडी नव्वदवर उतरली होती. हा आकडा आईने सांगितला नाही.