‘मिठी’ कोण शोधतं?

तिच्या भांड्यांना नावं ठेवायचं काम सासऱ्यांकडे होतं, तेही कौतुकानं. उभा जन्म त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. शब्दांशिवाय त्यांना करमत नसे. सुनेनं घराखालच्या गॅरेजमध्ये चाक आणि विजेची भट्टी बसवून मातीची भांडी करायला घेतली, तेव्हा त्यांनी स्वतःची नेमणूक स्वतःच करून टाकली. भट्टी उघडली की चष्मा पुसत ते खाली उतरत, एकेक भांडं हातात फिरवून बघत आणि नाव जाहीर करत. राखाडी-निळ्या ताटलीचं नाव ‘सांजवेळ’. तोंड मिटून बसल्यासारख्या बुटक्या किटलीचं ‘अबोला’. आणि दोन्ही बाजूंना कान असलेल्या मोठ्या कपाचं ‘मिठी’.

प्रदर्शनात ही नावं चालायची. लोक चिठ्ठी वाचत, हसत, भांडं उचलत, आणि एकदा उचललेलं सहसा खाली ठेवत नसत. पण तिनं इंटरनेटवर दुकान थाटलं आणि तिथे नुसता शुकशुकाट. फोटो चांगले होते, भाव वाजवी होते, पण दुकानाकडे कुणी फिरकतच नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी भांडी पॅक करायला नणंद यायची. एका विमा कंपनीत नोकरी करायची आणि बोलायला फटकळ. दुकानाचं पान वरून खाली बघून ती म्हणाली, “वहिनी, ‘अबोला’ असं टाइप करून कोण किटली शोधणार आहे? ज्यांच्या घरी अबोला आहे ते शोधत असतील. पण त्यांना किटली नकोय.”

सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“बाबा, रागावू नका. लोक शोधताना जे शब्द टाकतात ना, ते आपल्या पानावर असायला लागतात. कीवर्ड म्हणतात त्यांना. आमच्या ऑफिसात हल्ली सगळे चॅटबॉटलाच विचारतात. आपणही विचारू या.”

माती मळायच्या टेबलावर एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. तिची नखं मातीनं भरलेली होती, म्हणून टाइप करायला नणंद बसली. ‘हातानं बनवलेल्या किटलीसाठी लोक कोणते शब्द शोधतात?’ विचारायचा अवकाश, पडद्यावर शब्दांची रीघ लागली. शिवाय प्रत्येक शब्दापुढे आकडा, महिन्याला इतके हजार लोक हा शब्द शोधतात म्हणून. ती हात पुसत जवळ आली. आपण ज्या वस्तूला इतकी वर्षं ‘किटली’ म्हणत आलो, तिला लोक इतक्या तऱ्हांनी हाका मारतात, हे तिला ठाऊकच नव्हतं.

“परत एकदा विचार,” सासरे मागून म्हणाले.

“का?”

“सवय आहे म्हणून. एका वाचनात मी कधी मुद्रित सोडलं नाही.”

नणंदेनं नवं पान उघडून तोच प्रश्न टाकला. शब्द बरेचसे तेच आले, पण आकडे पार वेगळे. मघाशी ज्या शब्दाला बारा हजार लोक होते, त्याला आता जेमतेम दोन हजार उरले होते.

“दहा हजार माणसं गेली कुठे?” सासऱ्यांनी विचारलं. “त्यालाच विचार, आकडे आणलेस कुठून?”

चॅटबॉटनं माफी मागितली. खरे आकडे आपल्याला दिसत नाहीत, हे अंदाजानं लिहिले होते, खरे हवे असतील तर शोधयंत्राच्या स्वतःच्या साधनात तपासून घ्या, असं त्यानं लिहिलं.

“अगं, म्हणजे थापाच मारत होता की!” नणंद वैतागली.

सासऱ्यांना मात्र मौज वाटली. “पण विचारल्यावर कबूल तरी झाला. आमच्या मालकांनी ते कधी केलं नाही.” त्यांनी खुर्ची ओढली. “सरक जरा. आता मी विचारतो.”

त्या दुपारी सासऱ्यांचं आणि चॅटबॉटचं जमलं ते जमलंच. ते एका बोटानं टाइप करत, पण प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देत. त्यांनी त्याला एकेका भांड्याचं वर्णन सांगितलं आणि आकडे अजिबात द्यायचे नाहीत अशी ताकीद दिली. तेव्हा त्यानं शब्द देण्याऐवजी उलट प्रश्न विचारले: ही वस्तू कोण घेतं? कशासाठी घेतं? आधी दुसरं काय वापरून पाहिलेलं असतं?

ताटलीचं, किटलीचं उत्तर तिला देता आलं. ‘मिठी’पाशी ती अडली. “हा कप कोण घेतं ते खरंच माहीत नाही, बाबा. एक बाई आहेत, दर प्रदर्शनात येतात आणि दोन घेऊन जातात. इतके कप कुणाला लागतात?”

सासऱ्यांनी तेही टाइप केलं. उत्तरात तीन-चार अंदाज आले: सूप पिण्यासाठी, लहान मुलांसाठी, भेट देण्यासाठी, किंवा ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी.

शेवटचा अंदाज तिनं दोनदा वाचला. कपाला दोन कान तिनं केवळ दिसायला गोड म्हणून लावले होते.

“फोन करून विचारू का?” ती म्हणाली. “त्यांचा नंबर आहे.”

“विचार की. मागच्या वेळी आपल्याकडे सुटे नव्हते, तेव्हा त्यांनीच हसून नंबर दिला होता,” नणंद म्हणाली.

फोनवर बाई म्हणाल्या, “आमच्या ह्यांचे हात थरथरतात. दुकानात आजारी माणसांचे कप मिळतात ना, प्लॅस्टिकचे, चोच असलेले? तो यांनी भिरकावून दिला. तुमच्या कपानं पितात. अधूनमधून फुटतो, म्हणून दोन आणते.”

“आधी तुम्ही इंटरनेटवर शोधलं होतं का? काय टाइप केलं होतं?”

“काय टाइप करणार? ‘हात थरथरतात, चहा सांडतो, काय करावं’. कप शोधायचं माझ्या डोक्यातच नव्हतं हो. मी उपाय शोधत होते.”

हे तिनं सासऱ्यांना सांगितलं. “म्हणजे वस्तूचं नाव माहीत असलेला माणूस वेगळा आणि गरज असलेला वेगळा,” ते म्हणाले. “चल, जाऊन येऊ त्यांच्याकडे.”

बाईंच्या घरी जिन्याजवळच्या खोलीत त्यांचे यजमान बसले होते. ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंतीला टेकून जुन्या पाट्या ठेवल्या होत्या, त्यांवरची अक्षरं अजून झळझळत होती. सासरे पाहुणचाराआधी पाट्यांपाशीच गेले. “हा ‘ळ’ बघ,” ते सुनेला म्हणाले, “काय ऐटीत बसलाय!” पाटीवाल्यांचा चेहरा तिथेच सैल झाला.

चहा आला. पाटीवाल्यांनी दोन्ही कान धरून कप उचलला. कप थरथरला, चहा काठापर्यंत आला आणि आतच राहिला. तिचा चहा हातात तसाच राहिला. आपण केलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, ते ती पहिल्यांदाच बघत होती.

“तक्रार करू का?” पाटीवाल्यांनी विचारलं.

“कराच.”

“भरल्यावर जड होतो. आणि कानांवर तुम्ही जी चकचकीत झिलई देता ना, ती घाम आला की निसटते. कान कोरे ठेवा. बूड रुंद करा. आता हा दिसतो झकास, पण बसतो पाहुण्यासारखा, कधी उठेन याच्या तयारीत.”

ती हसली आणि टेबलावरच्या कागदावर कपाचा नवा आकार काढू लागली. सासरे उत्साहात म्हणाले, “आणि मी नाव बदलतो. ‘मिठी’ जाऊ दे. सरळ लिहू, ‘हात थरथरणाऱ्यांसाठी कप’. म्हणजे लोकांना सापडेल.”

पाटीवाल्यांनी कप खाली ठेवला. “असं नाव असतं तर मी हात लावला नसता. जन्मभर पाट्या लिहिल्या मी. माझ्यावरच पाटी लावू नका.”

सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “चुकलं,” ते म्हणाले. “पण मग सापडणार कसा?”

बाईंनी साखरेचं भांडं पुढे सरकवलं. “शोधते मी, पितात हे. माझ्यासाठी जे लिहायचं ते माझ्यासाठी लिहा, आणि यांना दिसेल ते यांना आवडेल असं ठेवा.”

घरी आल्यावर सासऱ्यांनी हाच पेच चॅटबॉटपुढे ठेवला. त्यानं लांबलचक, गोड-गोड मजकूर दिला; त्यात ‘सन्मानपूर्ण जीवनशैली’ वगैरे होतं. सासऱ्यांनी त्यातलं जवळपास सगळं कापलं. एक सूचना मात्र ठेवली: नाव आहे तेच राहू द्या, शोधणाऱ्याचे शब्द खालच्या वर्णनात घाला. मग नाव ‘मिठी’च राहिलं, आणि खाली बाईंचं वाक्य आलं: ‘हात थरथरतात, चहा सांडतो, काय करावं, असं शोधत असाल तर हा कप बघा.’ नणंदेनं शोधयंत्राच्या साधनात ते शब्द तपासले. शोधणारे हजारोंनी नव्हते, पण होते.

नव्या कपानं तिचा चांगलाच घाम काढला. पहिल्या भट्टीत कान तडकले. दुसऱ्या वेळी बूड इतकं रुंद झालं की पाटीवाल्यांनी त्याला घमेलं म्हटलं. तिसरा त्यांनी भरून उचलला, प्यायले, आणि पुन्हा भरायला पुढे केला.

दुकानात गर्दी उसळली असं काही झालं नाही. ‘सांजवेळ’ अधूनमधून जायची, ‘अबोला’ फळीवरच बसून होता. पण ‘मिठी’ला आठवड्यातून एखाद-दुसरं गिऱ्हाईक येऊ लागलं, अनोळखी गावांहून, बहुतेक कुणाची बायको, कुणाचा मुलगा. सासऱ्यांनी आता प्रत्येकाला फोन करून एकच गोष्ट विचारायचा धंदा मांडला: “आम्ही सापडायच्या आधी तुम्ही काय टाइप केलं होतं?” काही जण फोन ठेवत. बाकीचे इतकं बोलत, की नणंद म्हणायची, बाबांनी दुकान बंद करून नुसता फोनच चालवावा.

परवा एका शिंप्याचा निरोप आला. त्याचा डावा हात अपघातात गेला होता. एका हातानं जेवताना वाटी पळते आणि आपण तिच्या मागे पळतो, असं त्यानं लिहिलं होतं. तुमच्याकडे न पळणारी वाटी आहे का?

“अशा वाटीला म्हणतात काय?” तिनं विचारलं.

“कुणास ठाऊक,” सासरे म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले. मग थांबले आणि त्यांनी फोन उचलला. “थांब, आधी त्यालाच विचारतो, पळते म्हणजे नेमकी कुठल्या बाजूला.”

तिनं मातीचा गोळा तोडून चाकावर ठेवला, डावा हात पाठीमागे नेला आणि एकाच हातानं तो मध्यावर आणायला लागली.