आम्हाला मारता येणार नाही असं झाड

“मावशी, आमच्या घरच्यांना मारता येणार नाही असं एखादं झाड आहे का तुमच्याकडे?”

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. ढब्बी आणि चष्मिष, दोघी नर्सरीच्या फाटकाआड तोंडात रुमाल कोंबून उभ्या होत्या. नर्सरीवाल्या मावशींचा दराराच तसा. गिऱ्हाईकाने उगाच एक पान खुडलं तरी त्या त्याला फाटकापर्यंत पोचवून येत. आणि विचारणारी कोण, तर कुजबुज. सहा महिन्यांपूर्वी वर्गात हजेरी देताना हिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा जात नसे, म्हणून हे नाव पडलं. मग ती वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली. नाव तेच राहिलं, आवाज मात्र आता दोन गल्ल्या ओलांडतो.

त्या आवाजाचं गुपित घरच्या गॅलरीत होतं. तिथल्या अकरा कुंड्यांमधल्या वाळक्या काटक्यांसमोर उभी राहून तिने भाषणाची तालीम केली होती. मेलेली झाडं हसत नाहीत, जांभया देत नाहीत. श्रोते म्हणून फार सोयीची. पण आता आईने फर्मान काढलं होतं. आई घरीच शिवणकाम करायची आणि कापडाचे तागे पार जेवणाच्या टेबलावर चढले होते. “उद्या दहाला सुतार येतोय,” ती म्हणाली होती. “गॅलरी बंद करून कपाट करायचं. झाडं काही तुमच्याने जगत नाहीत, निदान तागे तरी जगतील.”

म्हणजे गॅलरी वाचवायला हातात उरला होता फक्त आजचा दिवस.

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. हसल्या नाहीत. “मारता कशी?”

“प्रेमाने.”

“ऊन किती?”

“सकाळपासून दुपारपर्यंत. अगदी डोळ्यांवर येतं.”

“पाणी कोण घालतं?”

“मी. शाळेच्या बाटलीत उरलेलं, रोज. दुसऱ्या कुणाच्या लक्षातच राहत नाही ना.”

“कुंड्यांना खाली भोक?”

“आहे की. पण आईने त्यात चिंध्या कोंबल्यात. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी टपकायचं.”

मावशींनी कपाळावर हात मारला, तो मातीसकट. “अगं, मग ती कुंडी कसली, बादलीच ती. तुमची झाडं तहानेने नाही गेली, बुडून गेली.”

फाटकाआडून ढब्बीचं हसू फुटलं. “तुम्ही दोघीपण आत या,” मावशी मान न वळवता म्हणाल्या. “आलाच आहात तर पिशव्या उचला.”

मग कुजबुज हावरटासारखी हे हवं, ते हवं करत सुटली आणि मावशी तिचा हात धरधरून मागे ओढत राहिल्या. नाजूक, नखरेल रोपांना त्यांनी शिवूही दिलं नाही. शेवटी सदाफुली मिळाली, पांढरी आणि गुलाबी. बोगनवेल मिळाली. “हिला थोडी तहानलेली ठेव, मग बघ कशी रागाने फुलते.” जांभळ्या पानांचं एक ठेंगणं झाड मिळालं, ज्याचं नाव इतकं लांबलचक होतं की मावशी त्याला नुसतं ‘जांभळं’ म्हणायच्या. आणि चिनी गुलाब, सगळ्या कळ्या मिटलेल्या.

“याचा रंग कोणता?”

“सकाळी कळेल. दुपार कलली की फुलं मिटतात, ऊन आलं की उघडतात. मिटली म्हणून घाबरून पाणी ओतायचं नाही. बोट मातीत खुपस. दोन पेरं कोरडी लागली तरच पाणी, नाहीतर हात मागे.”

घरी आल्यावर तिने चार कुंड्या उलट्या केल्या आणि भोकांतून चिंध्या उपसल्या. रेशमी, ठिपक्यांच्या, कुणाच्यातरी परकराचा हिरवा काठ. खालच्या काकूंसाठी प्रत्येक कुंडीखाली जुनी ताटली ठेवली. रोपं लावली, बेताचं पाणी दिलं आणि हात धुवायला आत गेली.

परत येते तो बाबा दाढीचा मग घेऊन चिनी गुलाबावर वाकलेले.

“आणल्या आणल्या माना टाकल्या बघ यांनी,” ते म्हणाले.

“बाबा, थांबा. तुम्ही झाडांना पाणी घालता?”

“रोज. दाढी झाली की मगभर. या घरात दुसरं कुणी बघतं का झाडांकडे?”

तेवढ्यात दारात आई आली. हातात भाजी धुतलेल्या पाण्याचं पातेलं. तिने मगाकडे पाहिलं, बाबांनी पातेल्याकडे पाहिलं.

“तू पण?” बाबा म्हणाले.

“रोज. मला वाटायचं, बिचारी उपाशी आहेत.”

“म्हणजे एकेका झाडाला तीन तीन आंघोळी,” कुजबुज म्हणाली, आणि आई पातेलं सांभाळत उंबऱ्यावरच बसून हसली. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “पण सुतार येणार म्हणजे येणार. माझे तागे काय डोक्यावर ठेवू?”

हे मात्र खरं होतं. आईचंही काही चुकत नव्हतं. कुजबुजने संध्याकाळभर विचार केला, मग शिलाई मशीनवरची टेप उचलली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी उन्हाची तिरीप गॅलरीत शिरली आणि चिनी गुलाबाने एकेक डोळा उघडला. केशरी, लिंबासारखा पिवळा, आणि एक असा राणी रंग की आई सुई ओवायची सोडून बाहेर आली. “हा रंग माझ्याकडे एकाही ताग्यात नाही,” ती पुटपुटली. मागून बाबाही आले.

कुजबुज कुंड्यांच्या मधोमध उभी राहिली, भाषणाच्या वेळी उभी राहायची तशी.

“ऐका. सुताराला येऊ द्या. कपाट होणार, पण माझ्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी. पाच फूट जागा आहे, दोनदा मापली. माझं टेबल इथे येणार, मी इथेच अभ्यास करणार, इथेच ओरडणार. आजपासून गॅलरी माझी. पाणी फक्त मी घालणार, तेही मातीत बोट घालून बघितल्यावर. आणि बाबा, पाठीमागे लपवलाय तो मग आधी आत ठेवून या.”