कोवळ्या डोक्यावरचे पांढरे केस

मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला टोप नव्हे, मित्रांनो. त्याच्या नशिबी निदान रोज आंघोळ तरी असते. मी नाटकातला पांढऱ्या केसांचा टोप. एखाद्याला म्हातारे करायचे असले की त्याच्या डोक्यावर चढवतात, तो. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा हळव्या असतात. छत्री उसासे टाकते, खुर्ची डोळे पुसते. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे, आणि तो चांगला मुरलेला राग आहे.

मला एका टोपवाल्याने बनवले. त्याच्या खोलीत खिडकीपाशी लाकडी डोकी ओळीने मांडलेली असत. त्यातल्या एकावर त्याने बारीक जाळी ताणली आणि इवल्याशा आकड्याने एकेक केस ओवून गाठी मारत बसला. त्याची बायको समोर बसून केस निवडायची. "कपाळाजवळ थोडे करडे राहू द्या हो," ती म्हणायची. "माणूस काय सगळीकडून एकदम म्हातारं होतं?" नवऱ्याने तिचे ऐकले, म्हणून मी इतका खरा दिसतो. माझे कौतुक झाले ते सगळे त्या बाईचे आहे.

मला बनवले होते एका नाटक कंपनीतल्या थोरल्या बाईंसाठी. त्या नायकाच्या आईचे काम करत. त्या वयानेच म्हाताऱ्या होत्या, फक्त केस विरळ झाले होते म्हणून माझी गरज. त्यांच्या डोक्यावर मी अगदी मापात बसलो. आमचे छान चालले होते. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि एका संध्याकाळी प्रयोगाची वेळ झाली तरी त्या आल्याच नाहीत.

त्याच सुमारास कंपनीत चोवीस वर्षांची एक मुलगी आली होती. सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. नायिकेचे काम मिळावे म्हणून तिने मालकांना एक प्रवेश वाचून दाखवला होता. मी पेटीत होतो, पण ऐकले. मागे सुतार दरवाजाची चौकट ठोकत होता. तिच्या दुसऱ्याच वाक्याला त्याचा हातोडा थांबला, तो तिचे वाचन संपेपर्यंत थांबलेलाच राहिला. मालक मात्र "बघू" एवढेच म्हणाले होते.

त्या संध्याकाळी मालक धापा टाकत रंगपटात आले.

"धाकटे, आजची वेळ मारून ने. आईचं काम तुला पाठ आहे ना? फक्त आजचा दिवस."

आमचे रंगभूषाकार, ज्यांना सगळे रंगकाका म्हणत, ते हातातला ब्रश तसाच धरून म्हणाले, "मालक, अहो पोर आहे ती. हिरोसाहेब तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे. त्यांची आई म्हणून हिला उभी करणार?"

"टोप घातला की पोर कसली? चढवा."

मला चढवले. मी तिला सैल होत होतो, म्हणून पिना खोचल्या. त्या तिला टोचल्या, पण ती हूं की चूं करेना. मग ती रंगमंचावर गेली आणि खुर्चीतून उठताना तिने आधी हात टेकला, मग थोडी थांबली, मग उठली. बस्, एवढेच केले. पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "अगदी आमच्या सासूबाई!"

आता नीट ऐका, मित्रांनो. तिने ते काम वाईट केले असते तर ती सुटली असती. तिने चांगले केले, म्हणून ती अडकली.

तो "आजचा दिवस" सव्वीस वर्षे चालला.

नायिकेच्या कामाला कोणाची तरी भाची आली. ती गेल्यावर कोणाची तरी मेहुणी आली. धाकटी प्रत्येक वेळी मालकांकडे जायची आणि मालक प्रत्येक वेळी म्हणायचे, "अगं, नायिका पैशाला पासरी मिळतात. तुझ्यासारखी आई कुठे मिळणार मला?" हे ऐकायला कौतुकासारखे वाटते, नाही का? दाराला बाहेरून लावलेली कडीसुद्धा अशी गुळगुळीत असते.

एकदाच संधी आली. पावसाने रस्ता खचला आणि नायिका दुसऱ्या गावात अडकली. थिएटर भरलेले. धाकटीला सगळ्यांचीच वाक्ये पाठ होती. त्या रात्री आईचे काम दुसऱ्याच कोणीतरी, डोक्यावरून पदर घेऊन, उरकले आणि मी रंगपटातल्या टेबलावर मोकळा बसून भिंतीपलीकडचे ऐकत राहिलो. लोक हसत होते, मग हसायचे थांबले, मग इतकी शांतता झाली की मला पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. शेवटच्या टाळ्या थांबेनात. धाकटी आत आली तेव्हा तिचे स्वतःचे काळेभोर केस घामाने कपाळाला चिकटले होते. रंगकाका तिच्याकडे बघतच राहिले.

मालक आले. म्हणाले, "लाज राखलीस. उद्यापासून आपलं नेहमीचं."

दुसऱ्या दिवशी मला तिच्या डोक्यावर चढवले. मी केसांचा आहे, मला हात नाहीत. असते तर मी काय केले असते ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

आता हिरोसाहेबांचे सांगतो. नाटकाच्या दुसऱ्या अंकात आईचे एक लांब भाषण होते. मुलगा घर सोडून निघतो आणि ती त्याला अडवत नाही. तिने त्याच्यासाठी काय काय सोडले ते मात्र सांगते. धाकटी ते बोलायची तेव्हा लोक श्वास रोखायचे. हे हिरोसाहेबांना रुचले नाही. "जरा लांबतंय हो," ते म्हणाले. दोन वाक्ये गेली. पुढच्या मोसमात आणखी चार गेली. मग "मी घर सोडतोय, लोकांना माझा चेहरा दिसायला हवा," असे म्हणून ते तिच्या पुढ्यातच उभे राहू लागले. शेवटी त्या भाषणातले एकच वाक्य उरले: "जपून जा, बाळा." वर्तमानपत्रात हिरोसाहेबांवर रकानेच्या रकाने छापून येत. खाली एक ओळ असे: इतरांची साथ चांगली. इतर! त्या एका शब्दात त्यांनी माझ्या धाकटीला कोंबून बसवले होते.

या काळात धाकटीला एक लेक झाली. रंगपटाच्या कोपऱ्यात अभ्यास करता करता ती मोठी झाली. एकदा तिच्या वर्गातल्या मुली नाटक बघायला आल्या आणि नंतर आत येऊन म्हणाल्या, "ही तुझी आजी ना गं?" लेकीने वहीत डोके खुपसले. त्या गेल्यावर तिने आईला एवढेच विचारले, "तू माझी आई आहेस, हे मोठ्यांदा नाही का सांगू शकत त्यांना?" धाकटी माझ्या पिना काढत होती. तिने एकेक पीन मोजून डबीत टाकली.

धाकटी पन्नाशीला आली. हिरोसाहेब चौसष्ट वर्षांचे झाले, केस काळेकुळकुळीत रंगवून अजून कॉलेजात जात होते, अर्थात नाटकात. त्या वर्षी एका प्रयोगाला एक तरुण दिग्दर्शिका आली. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. तिची कंपनी लहानशी, नाटक नवे. प्रयोग संपल्यावर ती विंगेत मालकांना गाठून म्हणाली, "त्या आईचं काम करतात त्या बाई कोण? मला त्यांना भेटायचंय. माझ्या नाटकात मुख्य भूमिका आहे. कुलपं दुरुस्त करणारी एक बाई, तिच्यावर चोरीचा आळ येतो आणि ती एकटी लढते."

मालक हसले. "आमची आई? अहो, ती गुणी आहे, पण तिचा घास तेवढाच. दुसरं काही जमायचं नाही तिला. उगाच तुमचं नाटक पडेल. मी सुचवतो ना एखादी."

पडद्याच्या पलीकडे धाकटी उभी होती. मी तिच्या डोक्यावर होतो. जाळीखालची कातडी तव्यासारखी तापली, ते मला कळले. तिने पडदा बाजूला सारला.

"मालक, त्या माझ्याबद्दल विचारतायत. मी इथेच आहे. मला विचारू देत की."

मालकांचा चेहरा पडला. "तालमी आपल्या दौऱ्यातच येतील तुझ्या. एकदा गेलीस तर हे दार परत उघडणार नाही, सांगून ठेवतो."

"ठीक आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात हिरोसाहेब तोंडावरचा रंग पुसत आले. मोठ्यांदा म्हणाले, "काय गं आई, मला पोरका करून निघालीस?"

"साहेब," धाकटी शांतपणे म्हणाली, "तुम्ही माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठे आहात."

वर शिडीवर बसलेला दिवेवाला फिस्सकन हसला आणि पाठोपाठ सगळी विंग हसली. धाकटीने मला डोक्यावरून काढून टेबलावर ठेवले. मालक खेकसले, "ते जुनाट लक्तरही घेऊन जा!" रंगकाकांनी मला आपल्या पेटीत टाकले आणि पेटी उचलून तेही तिच्या मागोमाग निघाले. "मलाही वीट आलाय," ते म्हणाले. "या पोरीला म्हातारी करण्यात माझी हयात गेली."

तुम्हाला वाटेल, झाले, गोष्ट संपली. छे! इतक्या वर्षांचे नुकसान असे एका वाक्यात भरून येत नसते.

तालीम एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये होती. धाकटी उभी राहिली की तिची पाठ आपोआप वाकायची. आवाजात कंप यायचा. खुर्चीतून उठताना हात टेकायचा. दिग्दर्शिका म्हणायची, "सरळ उभ्या राहा ना बाई, तुम्ही पन्नास वर्षांच्या आहात, नव्वदच्या नाही." फौजदारासमोर कुलूपवाली कडाडते, तो प्रवेश आला. धाकटी ते विनवणीच्या सुरात म्हणाली. पुन्हा केले, पुन्हा तेच.

"रागवा," दिग्दर्शिका म्हणाली.

"मला येत नाही रागावता." धाकटी खालीच बसली. "आईनं रडायचं असतं, सोसायचं असतं. तेवढंच शिकले मी. मालकांचंच खरं होतं. तुम्ही दुसरी कोणी बघा."

रंगकाका उठले, पेटी उघडली आणि मला तिच्या मांडीवर ठेवले.

"हा घे. चोवीस वर्षांची होतीस तेव्हा चढवला मी हा तुझ्या डोक्यावर. बघ याच्याकडे आणि मग सांग, राग येत नाही म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. बोटे माझ्या कपाळाजवळच्या करड्या केसांत रुतली. मग ती उठली. हात न टेकता उठली. आणि तिने मला समोरच्या भिंतीवर असे फेकून मारले की माझी जाळी एका बाजूने फाटली. त्याच दमात ती फौजदाराचे काम करणाऱ्या नटाकडे वळली आणि कुलूपवालीचे शब्द तिच्या तोंडून बाहेर पडले. तो बिचारा खराखुरा दोन पावले मागे सरला. दिग्दर्शिकेने चष्मा काढला आणि पदराने पुसू लागली; पुसून झाला तरी पुसतच राहिली.

भिंतीशी धुळीत पडून मी ऐकत होतो. सव्वीस वर्षांत माझा एवढा मान कोणी केला नव्हता.

नाटक रंगमंचावर आले. थिएटर लहान, निम्म्या खुर्च्या रिकाम्या. धाकटीने स्वतःचे केस घट्ट बांधले होते, त्यात पांढरे होते तेही तसेच ठेवले. मी रंगपटात होतो. जे आले होते ते पडदा पडल्यावर घरी जाईनात. लेक दारात उभी होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला, कोणी विचारो न विचारो, सांगत होती, "माझी आई आहे ती."

शेवटी एक गृहस्थ आले. डोळे लाल, हातात रुमाल. म्हणाले, "बाई, काय काम केलंत! मी इतकी वर्षं नाटकं बघतोय. एक पण चुकवत नाही. तुम्ही इतके दिवस होतात कुठे?"

धाकटी हसली. "इथेच होते," म्हणाली. ती भली आहे.

मी भला नाही. मी त्या माणसाला ओळखले. मालकांच्या जुन्या नाटकाला तो तिसऱ्या रांगेत बसायचा, शेंगदाणे खात. धाकटी बोलू लागली की तो मान खाली घालून पुडीत दाणे शोधायचा आणि हिरोसाहेब आले की मान वर करायचा. कुठे होतात म्हणे! अरे, ती तुझ्यासमोर होती. तुझ्यासमोर ती रडली, तुझ्यासमोर तिची वाक्ये छाटली गेली, तिकीट काढून बसून तू ते बघितलेस आणि काहीच बघितले नाहीस!

मित्रांनो, मी आता फाटलो आहे आणि मला शिवायची गरज नाही. पण जगात अजून पुष्कळ रंगमंच आहेत. प्रत्येकावर कडेला कोणीतरी उभे आहे: वर्षानुवर्षे हवालदार होणारा, नेहमीचा दारुडा, ताट घेऊन येणारी आणि ताट घेऊन जाणारी. ते संपलेले नाहीत. त्यांच्यात केवढे काम शिल्लक आहे ते त्यांचे त्यांनाही माहीत नसेल. म्हणून नाटकाला गेलात की उजेड जिथे पडला आहे तिथे तर बघाच. पण कोपऱ्यातला माणूस बोलू लागला की शेंगदाण्याची पुडी खाली ठेवा आणि मान वर करा.