मढ्याचं काम

शिंपी मढं असं वठवायचा की माश्यासुद्धा फसायच्या. एकदा तर खऱ्या डॉक्टरांनी रंगमंचावर चढून त्याची नाडी पाहिली होती म्हणे. या उन्हाळ्यात जुनी हौशी मंडळी टेम्पोतून गावोगाव नाटक करत निघाली, तेव्हा ते काम अर्थातच त्याच्याकडे आलं. पंचाईत एवढीच, की त्याच्यावर पडून रडायचं होतं सुताराला. दोघे बालमित्र; पण शिंप्याची बायको गेली तेव्हा सुतार फिरकला नाही, आणि तेव्हापासून बोलणं बंद. टेम्पोतही दोघांची तोंडं दोन दिशांना.

चौथ्या गावात रडता रडता सुतार नाटकातली वाक्यं सोडून पुटपुटला, "वहिनी गेल्या तेव्हा दारापर्यंत आलो होतो रे. तुझा हंबरडा ऐकला आणि पाय मागे फिरले. घाबरट आहे मी. ऐकतोयस ना, मढ्या?"

शिंप्याने सगळं ऐकलं; पण मढ्याला हुंकार द्यायचीही सोय नव्हती. जन्मभर कमावलेलं नाव एकीकडे, मित्र एकीकडे. त्याने चादरीतून हात काढून सुताराचं मनगट घट्ट धरलं.

"अगं बाई, जिवंत आहे तो!" पहिल्या रांगेतली म्हातारी ओरडली. सगळा मंडप हसला. पडदा पडला, तरी शिंप्याने मनगट सोडलं नाही.