बीकरकाकांचा दातवाला पक्षी

बीकरकाकांना या पक्ष्याच्या चमत्कारातून काय मिळणार होतं, ते आधी बघू. पैसा? छदामही घेत नव्हते. म्हणूनच लोकांना खरं वाटलं. फुकटचा बुवा तो खरा बुवा, असं आमच्या इमारतीचं गणित. मान? शाळेच्या प्रयोगशाळेत जन्मभर नळ्या नि बीकर विसळलेल्या माणसाला थोडा मिळाला असता, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. काकांना हवी होती दारावरची टकटक. बायको गेल्यापासून फक्त दूधवाला टकटक करायचा, आणि पुढे तोही पिशवी कडीला अडकवून जाऊ लागला.

आता मात्र चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यात चपलाच चपला. काकांच्या खोलीत एक चौकट, काचेमागे लादी, लादीवर मान मागे टाकून पडलेल्या पक्ष्याची हाडं. जबड्यात दात, पंखांना नख्या, पालीसारखी लांब हाडांची शेपटी. शाळेनं अडगळ काढली तेव्हा काकांनी हा जीवाश्माचा प्लास्टरचा ठसा घरी आणला होता. प्लास्टरचा हे मला नंतर कळलं. तेव्हा तो साक्षात दगड होता.

"पंधरा कोटी वर्षं हा श्वास रोखून बसलाय," काका डोळे मिटून सांगत. "तुमचा श्वास त्याला द्या. पंख उघडले, तर गेलेलं माणूस परतीच्या वाटेवर आहे."

"आणि नाही उघडले तर?" मी विचारलं.

"या, करून बघा." काकांनी टेबलावरचा दिवा काचेजवळ ओढला, नीट दिसावं म्हणून, आणि बराच वेळ मंत्र पुटपुटले. मी फुंकर घातली. काही नाही.

"श्वासात शंका आहे. मागे व्हा."

माझ्यासारख्यांसाठी मागची जागा कायम राखीव.

मग तळमजल्यावरच्या शिलाईवाल्या मावशी पुढे आल्या. त्यांचा मुलगा भांडून गेला तो गेलाच. पत्र नाही, फोन नाही. काकांनी दिवा बाजूला सारला, काच गार होईस्तोवर पक्ष्याचं माहात्म्य सांगितलं. मावशींनी हलकेच श्वास सोडला. काच धुरकटली, आणि त्या धुरकटपणात हाडांच्या दोन्ही अंगांना एकेक पीस उमटत गेलं. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू!

"उघडले! उघडले!" लोक ओरडले, मीही. मावशींना लोकांनी सांगितलं म्हणून कळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; त्यांना चौकटसुद्धा धड दिसत नव्हती.

"येतोय ना हो तो?"

"येतोय. पण तो येईल तेव्हा दाराला कुलूप नको. घर सोडून कुठे जाऊ नका. आणि रोज इथे येऊन श्वास देत जा."

इस्पितळात ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. मावशींनी ती मोडली.

"आई, मोतीबिंदू पार पिकलाय," त्यांची मुलगी म्हणाली. तिचं कोपऱ्यावर चष्म्यांचं दुकान आहे. "डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर डोळा जाईल."

"तो आला आणि मी नसले तर?"

"मी बसते ना घरात."

"तुझ्याशीच भांडून गेला ना तो!"

मुलगी पर्स उचलून निघून गेली. बरेच दिवस ती आईच्या घरी फिरकली नाही. मग एके सकाळी मावशींचा डोळा लाल झाला, ठणकू लागला, तरी त्या भिंत चाचपत वर गेल्या. शेजाऱ्यांनी कळवल्यावर त्यांना न्यायला मुलगी वर आली आणि तिनं पिसं उमटताना पाहिली.

"हे तर मी दिवसभर करते, काका. चष्म्यावर श्वास सोडला की गिऱ्हाइकाच्या बोटांचे ठसे असेच उमटतात."

तिनं पर्समधला रुमाल ओला करून काच घासून पुसली. "आता सोडा कुणीतरी श्वास." काच नुसती धुरकटली, पीस एकही नाही. मग तिनं मोरीतल्या साबणावर बोट फिरवलं, काचेवर काहीतरी रेखाटलं, वरवर पुसलं आणि फुंकर घातली. पक्ष्याच्या डोळ्यांवर चष्मा उमटला. जिन्यापर्यंत हशा पिकला.

"काचेवर साबणानं आधीच पिसं काढून ठेवायची; साबण लागतो तिथे वाफ धरत नाही. आणि पंख नको असतील तेव्हा दिव्यानं काच तापवायची. झाला चमत्कार."

"मी पैसा घेतला का कुणाचा?" काका म्हणाले.

"आईला घर सोडू नका का सांगितलंत?"

काकांनी दिवा मालवला. "रोज यायच्या. चहा घ्यायच्या. दिसायला लागल्यावर आल्या असत्या का?"

कुणी हसलं नाही.

दात आणि पिसं एकाच अंगावर मिरवणारा जीव खरोखर होऊन गेला. पाखरं कुठून आली, हे त्याच्या हाडांना विचारा, ती सांगतील. तुमचा मुलगा कुठे आहे हे त्यांना ठाऊक नाही. आणि कुणी औषधपाणी थांबवायला सांगितलं, तर माणूस कितीही गोड असो, पैसा घेवो न घेवो, आधी काच पुसून बघा.

त्याच दिवशी मुलीनं मावशींना इस्पितळात नेलं. एक डोळा वाचला. दुसऱ्यात दाब वाढून नस मेली होती. मुलगा आलेला नाही. काकांनी सोबत गमावली; आम्ही "उघडले, उघडले" ओरडणाऱ्यांनी काहीच नाही. डोळा मावशींचा गेला.