पुढची सीट

श्रीवर्धनच्या रिक्षा स्टँडवर माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीट म्हणतात. "दोन सीट आल्या", "म्हातारी सीट हाय, हात धर", "ती सीट कटकटी हाय, मागं बसव" अशी तिथली भाषा. आणि तिथला कायदा एकच. नंबराला लागलेली गाडी भरल्याशिवाय सुटायची नाही. मागच्या बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली आणि ड्रायव्हरच्या शेजारी एक जण टेकला, की गाडी भरली. हा शेजारी टेकणारा नेहमी पुरुष. असं कुठं लिहिलेलं नाही. बाई पुढं बसलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून बाई पुढं बसत नव्हती. आपल्याकडचे निम्मे नियम असेच चालतात.

नूतनची गाडी अडली ती याच सीटवर.

नूतन घाटापलीकडच्या खालच्या वाडीची. घरची भातशेती, पण नुसत्या भातावर वर्ष निघत नाही, म्हणून नवरा सुजित विक्रम, म्हणजे डिझेलवरची मोठी रिक्षा, चालवायचा. मग त्याला माणगावकडच्या एका कंपनीत कायमची नोकरी लागली. तो तिकडंच खोली करून राहू लागला आणि सुट्टीला तेवढा घरी येऊ लागला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. सुजितच्या मनात ती चुलतभावाला, निकेशला द्यायची होती. निकेश रोज यायचा, ताडपत्री उचलून बघायचा आणि मुलगी पसंत पडल्यासारखा हसत परत जायचा.

"गाडी मी चालवते," एका रविवारी जेवताना नूतन म्हणाली.

सुजित हसला. मग ती हसत नाही हे त्यानं पाहिलं. दोघांनी सासऱ्यांकडं पाहिलं.

सासरे, रावजी, हे एसटीतले कंडक्टर. रिटायर झाले, पण एसटी त्यांच्यातून उतरली नव्हती. सारी नोकरी त्यांनी बोलण्यापेक्षा घंटीवर काढली होती. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. घरातही तेच. बोटातल्या चांदीच्या अंगठीनं ताटावर एकदा वाजवलं की भात पुरे, दोनदा वाजवलं की वाढ. नवी नवरी होऊन आली तेव्हा नूतनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी टोल्यामागून टोला पडत राहिला आणि ती भात वाढत राहिली. म्हाताऱ्यानं मान खाली घालून सगळा संपवला. तिला ते आठवलं की अजून हसू येई, आणि मायाही.

त्या रविवारी रावजींनी ताटाच्या कडेवर अंगठी वाजवली. एकदा.

"मामा, पण का?" नूतननं विचारलं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"लोकांची तोंडं मला ठाव हायत," रावजी म्हणाले आणि हात धुवायला उठले.

एवढंच. पुढं त्यांनी अडवलं नाही आणि होही म्हटलं नाही. सुजितनं मात्र, मान्य करायला हवं, मनावर घेतलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात त्यानं तिला गाडी शिकवली. लायसन, बॅज, सगळं रीतसर झालं. ती त्याच्यापेक्षा हळुवार गिअर टाकायची. गाडीला वाचा असती तर तिनं सुजितची तक्रारच केली असती.

खाकी शर्ट चढवून नूतन पहिल्यांदा स्टँडवर गेली, तेव्हा कुणी वाकडं बोललं नाही. उलट चहा पाजला. वाकडं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. इथं सगळे गोडच, फक्त पुढं कुणी बसेना. मागचे बाक भरायचे, पुढची सीट रिकामी. विक्रमची ती जागा म्हणजे एक वीतभर फळी, कोपराला कोपर लागणारच. तिथं परक्या बाईला खेटून बसायचं, आणि तेही सगळ्या बाजारादेखत. पुरुष यायचे, वाकून बघायचे आणि "मागनं येतो, तुमी व्हा फुडं" म्हणून चहाच्या टपरीकडं वळायचे. बायकांना विचारावं, तर त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. "पुढं? अगो बाई, न्हाय गो."

"मग मी एक सीट कमी घेऊन सुटते," नूतन म्हणाली.

"तसं न्हाय चालायचं," दत्ताराम म्हणाला. दत्ताराम स्टँडचा म्होरक्या, पांढऱ्या मिशांचा, मनानं सरळ. "आज तू रिकामी सुटलीस की उद्या सीटा सगळ्यांनाच सांगतील, एक कमी घे. आणि तू थांबून राहिलीस तर तुज्या मागल्या गाड्या तटतात. तूच सांग, काय करू?"

त्याचं चुकत नव्हतं, हेच नूतनला जास्त लागलं.

त्या गुंत्यातून पहिली वाट काढली ती मनुबाईनं. मनुबाई वाडीतली भाजी घेऊन रोज श्रीवर्धनला यायची आणि घाटात रोज ओकायची. मागच्या बाकावर तोंड गाडीच्या उलट दिशेला, त्यात डिझेलचा वास. एका सकाळी वाडीच्या फाट्यावर तिनं मागची गर्दी पाहिली, पुढच्या मोकळ्या फळीकडं पाहिलं आणि टोपली नूतनच्या पायाशी सरकवली.

"सर जरा," ती म्हणाली. "मरू दे लोकांना. बसते मी हितंच."

घाट उतरून गाडी बाजारात आली, तरी मनुबाईचं पोट जाग्यावर होतं. "इतकी वर्सं मला वाटायचं माजं पोटच नाजूक," ती स्टँडभर सांगत सुटली. "पोटाला काय धाड भरलीया? जागा वाईट व्हती." आठ दिवसांत सकाळच्या फेरीला पुढच्या सीटसाठी बायकांची भांडणं लागू लागली. समोरून वारा, समोर रस्ता. वळणावर समुद्र दिसतो हे कित्येकींना पहिल्यांदाच कळलं. एवढी वर्षं त्या घाटातून जात होत्या, मागं जाणारी झाडं बघत.

पण सकाळ म्हणजे दिवस नव्हे. भाजीवाल्या, मासळीवाल्या, बागांत सुपारी सोलायला जाणाऱ्या, सगळ्या सकाळी यायच्या आणि संध्याकाळी परतायच्या. दुपारच्या फेऱ्यांना सगळे पुरुषच. त्यांना आता आयतं निमित्त मिळालं. "ती लेडीज सीट झालीय ना?" म्हणजे आधी बाई चालवते म्हणून रिकामी, आता बाई बसते म्हणून रिकामी. नाचता येईना, अंगण वाकडं.

शेवटी दत्तारामनं तिला बाजूला घेतलं. "नूतन, मागल्या गाड्यावाल्यांनी माज्याकडं कटकट लावलीया. आज दुपारचा नंबर बघू. आजबी गाडी अडली, तर उद्यापासनं निकेशला बसव. गाडी तुजीच, भाडं तुज्याच घरात. निस्ता चालवणारा बदलायचा."

निस्ता चालवणारा. नूतननं मान हलवली, पण आतून ती हलली. गाडी नुसती घरात असण्यातलं आणि ती आपण चालवण्यातलं अंतर ह्या भल्या माणसाला कोण समजावणार? सकाळी वाडीच्या फाट्यावर बायका "नूतनची गाडी आली" म्हणायच्या. लग्न झाल्यापासून तिच्या नावावर असं काहीच आलं नव्हतं. ती शेतात राबायची तो हातभार, घरात राबायची तो संसार. काम म्हणावं असं हे पहिलंच होतं. ते गेलं असतं तर तिला रडू आलं असतं, आणि ते कुणाला दाखवताही आलं नसतं.

दुपारी नंबर लागला. मागचे बाक भरले, सगळे पुरुष. पुढची सीट रिकामी. ऊन चढलेलं, मागचे लोक टोपीनं वारा घेत होते. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. निकेश कुठूनसा येऊन खांबाला टेकून उभा राहिला होता. दोन जण आले, वाकले, टपरीकडं वळले. दत्ताराम पलीकडून बघत होता, पण पुढं येत नव्हता. त्यालाही ते नकोसं झालं असावं.

तेवढ्यात समोरच्या बँकेतून रावजी बाहेर पडले.

नूतननं नजर समोरच्या रस्त्याकडं वळवली. गाडी चालवायला लागल्यापासून रावजी तिच्या गाडीत एकदाही बसले नव्हते. बाजाराला यायचं तर दुसऱ्याच्या गाडीनं, परतायचं तर दुसऱ्याच्याच. तिनंही कधी बोलावलं नव्हतं. सुनेनं सासऱ्यासमोर खाटेवर बसायचं नाही अशा घरातली ती. सासऱ्याला शेजारी बस म्हणायचं कसं?

रावजी आपल्या चालीनं आले. नंबराच्या गाडीपाशी थांबले. मागच्या बाजूनं आत वाकून त्यांनी बाकांवरून नजर फिरवली, ओठ हलले. जुनी खोड, सीटा मोजत होते.

"एक कमी हाय," ते म्हणाले. "मग उभी का?"

"ती लेडीज सीट हाय ना, रावजीदादा," आतून एक जण म्हणाला. दोघेतिघे हसले.

रावजींनी त्याच्याकडं पाहिलं. बिनतिकीट माणसाकडं बघावं तसं.

"सारी नोकरी मी लेडीज सीटवरनं बाप्ये उठवले," ते म्हणाले. "लई निबर असत. हाताला धरून उठवावं लागं. बसायला भिणारे आजच बघतोय."

रावजींनी पिशवी पायाशी ठेवली, धोतराचा सोगा आवरला आणि पुढच्या फळीवर बसले. कोपराला कोपर लागलं.

नूतनचा हात आपोआप ओढणीकडं गेला, डोक्यावर घ्यायला. सवयीचा हात, त्याला कोण विचारतो. ओढणी अर्धी वर आली.

"हात हँडलवर ठेव," रावजी समोर बघत म्हणाले. "ड्रायव्हरनं हँडल सोडायचं न्हाय."

ओढणी खांद्यावर पडली, ती तशीच राहिली. नूतननं हँडल धरलं. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. तिनं गाडी सुरू केली आणि थांबली. भरलेली गाडी होती, रस्ता मोकळा होता, पण क्लच सुटेना.

रावजींनी काचेशेजारच्या लोखंडी दांड्यावर अंगठी वाजवली.

दोनदा.