विझवलेला तांबडा दिवा

त्या दिवशी खंडेनवमी होती. बेंगळुरात तिला आयुधपूजा म्हणतात. शिवाजीनगरच्या मैदानात गाड्यांची रांग लागली होती, चाकाचाकाखाली लिंबू, आणि मधोमध यंत्रस्वामी नावाचे बाबा. महाराजांनी आयुष्यात कधी पाना धरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. पण इंजिनाचं दुखणं त्यांना नुसत्या वासावरून कळतं म्हणे!

खंडोजीची व्हॅन पुढे आली. याच व्हॅनमधून तो चौदा वर्षं शाळेची मुलं नेत होता. घर तिच्यावरच चालायचं. आज डॅशबोर्डवरचा ऑइलचा तांबडा दिवा विझायला तयार नव्हता. स्वामींनी बॉनेट उघडलं, शेल्याआडून हात आत घातला आणि कानडीत गरजले, "हिला तेलाची तहान नाही, हिला दृष्ट लागलीय! तिसरा डोळा उघडलाय, तो मी मिटवतो!" आत भस्माची पुरचुंडी बांधली, वर लाल दोरा गुंडाळला. "हं, कर चालू!"

दिवा विझला होता! शिट्ट्या झाल्या, कोहळा फुटला. खंडोजी तर रडलाच.

"एक्केचाळीस दिवस कुणा मेकॅनिकचा हात लागता कामा नये," स्वामींनी बजावलं. चोराच्या मनात चांदणं!

मी गिरीराज, मेकॅनिकच. गर्दीत मागे उभा राहून हसत होतो. दसरा झाल्यावर खंडोजीला म्हटलं, "गाडी आण, बघतो." त्याने हात जोडले. "एक्केचाळीस दिवस होऊ देत, अण्णा."

सुट्टी संपून शाळा उघडली आणि तिसऱ्याच दिवशी बेळ्ळंदूरजवळ रिंग रोडवर व्हॅन खडखडली आणि जागीच थांबली. मुलं उतरून गेली होती, एवढंच बरं. व्हॅन ओढत माझ्या गॅरेजात आणली. खंडोजी आणि त्याची बायको सोयराबाई शेजारी उभे राहिले. मागच्या सीटवर कुणा मुलाची पाण्याची बाटली राहिली होती, ती खंडोजीच्या हातात होती.

मी नुसती चावी फिरवली. "बघ, इंजिन बंद असताना आत ऑइलचा दाब नसतो. म्हणजे हा दिवा पेटायलाच हवा. पेटला?"

"नाही."

लाल दोरा सोडला. पुरचुंडीत भस्म होतं, आणि भस्मात दिव्याच्या वायरचं उपटलेलं टोक. ते मी इंजिनाला टेकवलं. दिवा लख्ख पेटला.

"एवढंच?" खंडोजी म्हणाला.

"एवढंच. दोन बोटांचं काम."

मग खालचं चेंबर उघडलं. ऑइल भरपूर होतं, पण ते वर खेचून घेणारी जाळी काळ्या गाळाने बुजली होती. वर ऑइल चढलंच नाही, बेअरिंगं जळून क्रँक जाम झाला, म्हणजे इंजिनच गेलं. दिवा बिचारा खरं तेच सांगत होता.

"जाळी धुवायला किती वेळ लागला असता?" सोयराबाईंनी विचारलं.

"अर्धा दिवस."

"मग त्या दिवशीच का नाही धुतली, अण्णा? हे आधी तुमच्याकडेच आले होते."

आला होता. खंडेनवमीच्या सकाळी दारात उभा राहून म्हणाला होता, "अण्णा, दिवा पेटलाय, स्वल्प बघा की." माझे पाने केळीच्या पानावर कुंकू लावून मांडलेले होते. त्या दिवशी आम्ही हत्याराला हात लावत नाही. स्वामीची टिंगल करणारा मी त्याला म्हणालो, "आज नाही रे, दसरा झाल्यावर ये." तोवर गाडी चालू करू नकोस, एवढंही सांगायचं सुचलं नाही. घाबरलेला माणूस मग जो दार उघडेल त्याच्याकडे जातो.

सोयराबाईंसमोर मला फार लाज वाटली.

नव्या इंजिनाला पैसे नव्हते, व्हॅन भंगारात गेली. खंडोजी आता बेळ्ळंदूरच्या एका टॉवरच्या फाटकावर वॉचमन आहे, दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी दांडा वर करतो. मला पाहिलं की अजूनही हसून हात करतो, तेच जास्त लागतं.

मंडळी, दिवा पेटला तर त्याची दृष्ट काढू नका. तेल कुठे अडलंय ते शोधा. कुणी चमत्काराने विझवलाच, तर वायर जागेवर आहे का ते आधी बघा. आणि ज्यांना हे कळतं त्यांनी गर्दीमागे उभं राहून हसू नये.

यंदाच्या खंडेनवमीला माझं गॅरेज दिवसभर उघडं होतं. हे मला एक वर्ष आधी सुचायला हवं होतं.